छागळवाले इवाई

माह्या बापाचं, म्हणजे आबाचं, नाव शेषराव. पण बुलढाणा जिल्ह्यात त्याले नावानं वळखणारे कमी अन् ‘साखळीवाले’ म्हणून वळखणारे जास्त. सरकारी मोजणीदार होता ना! लोखंडाची साखळी वढत वढत त्यानं जन्मभर लोकायच्या जमिनी मोजल्या, धुरे म्हणजे बांध आखून देले, हद्दीचे गोटे गाडले. आता मोजणी म्हणजे कशी असते, का एक जण हसत घरी जाते अन् दुसरा शिव्या देत. हसणारा मोजणीदाराले इसरून जाते, शिव्या देणारा इसरत नाई. म्हणून लहानपणी आमी कोण्याबी गावच्या बाजारात गेलो, तं आबाच्या नावानं बोटं मोडणारी एखादी म्हातारी भेटेच.

अन् घरची गंमत ऐका. पिंपळगाव राजा गावाले आमचं जराकसं वावर. शेजारी दर साली नांगरता नांगरता आमचा धुरा कोरे. माही माय, रुखमाबाई, आबाच्या मागं लागे, "अवो, साऱ्या जगाच्या जमिनी मोजता, आपली मोजा ना एकदाची!" तं हा माणूस जेवता जेवता मान वर न करता म्हणे, "आपलं आपण मोजायचं नसते." झालं, इषय संपला. माय कपाळावर हात मारून घे, अन् शेजारी पुढच्या साली नांगराचं आणखी एक तास आमच्या वावरात घाले.

असा माणूस. वाळकुडा, उन्हानं काळाठिक्कर पडलेला, खाकी कपडे, डोक्याले रुमाल. लग्नात चालला तरी पावलं अशी सारखी टाके, का पाहणाऱ्याले वाटे हा मांडव मोजून राह्यला. लाच खाल्ली नाई, हे खरं. पण गोड शब्दबी कोणाले देला नाई, घरच्यायलेबी नाई. मले त्याचा अभिमान होता का म्हणता? होता. पण रागबी होता, अन् खोटं कायले बोलू, थोडा अजूनबी हाय.

त्याची सारी नोकरी शिवेवर गेली. धाड गावाच्या पुढं गेलं का तवा मोगलाई लागे, म्हणजे निजामाचं राज्य. इकडं वऱ्हाड, तिकडं मोगलाई अन् मधात गोट्यायची रांग. इकडं डोकं फोडून माणूस तिकडं पळे, तिकडचा इकडं. तिथी जायले दुसरा कोणी मोजणीदार तयार नसे, म्हणून आबाले धाडत. मोगलाई मोडली त्या धामधुमीत लोकायनं ते गोटे उपटून फेकले, कोणी गोठ्याच्या पायात घातले. मंग आबा अन् त्याची साखळी धरणारा सहदेव, दोघंजण टेकड्या-नाल्यानं फिरले अन् एक एक गोटा पुन्हा जागच्या जागी उभा केला. पुढं महाराष्ट्र झाला, दोनीकडचे जिल्हे एकाच राज्यात आले. लोक म्हणत, आता कायची शीव? पण राज्य एक झालं म्हणून वावरं थोडीच एक होतात! भांडणं होती तशीच राह्यली.

त्याच शिवेवरच्या निमटाकळीले आबानं मले देलं. माहे सासरे महादेवराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. मी त्यायले मामाजी म्हणो. सासू सुभद्राबाई, त्यायले मी आत्याबाई म्हणो, जिभेची तिखट. अन् आमचे मालक, अर्जुनराव, म्हणजे गरीब गाय. बापासमोर त्यायच्या तोंडातून शब्द फुटत नसे. लग्नाले वरसं झाली, पण माही कूस उजवली नाई. आत्याबाई उठता-बसता त्याच्यावरून टोमणे मारत. मी मूग गिळून राहो.

आमच्या लोकायत एक रीत हाय. लेकीले लेकरू होईलोक बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. बाकीचे बाप काय करत? ‘चालते हो’ म्हणत अन् गटागटा पेत. ऊन काय कमी असते आमच्याकडं! पण आबानं रीत धरली तं अशी धरली, का माह्या घरचं सोडाच, निमटाकळीच्या शिवारातलं पाणीबी तोंडाले लावे ना. दिवाळीले मले न्यायले ये, तं खांद्याले पाण्याची कापडी छागळ. धाडले एसटीतून उतरला का छागळ भरून घे, पायी पायी ये, आमच्या अंगणात बसून आपल्याच छागळीतलं पाणी पिये अन् मले घेऊन चालू पडे. व्याह्याले आमच्याकडं इवाई म्हणतात. त्याले पाहून पोरं वरडत, "छागळवाले इवाई आले रे!" सारं गाव हसे. शिवेपल्याडच्या खैरखोरी गावातबी हे म्हाईत झालं होतं. मले मेल्याहून मेल्यासारखं होये.

आता विहिरीचं सांगते. निमटाकळी अन् खैरखोरीच्या मधात एक जुनी दगडी विहीर होती. कधी आटत नसे. खैरखोरी म्हणजे लहानसं गाव, त्यायले दुसरं पाणीच नाई. सारं गाव त्या विहिरीवर जगे. अन् विहीर होती मामाजीच्या वावराच्या अगदी कडेले. त्या साली पावसानं दगा देला, अन् मामाजीनं इंजिन आणलं. म्हणे विहिरीवर इंजिन बसवतो अन् ऊस लावतो. खैरखोरीचे लोक आडवे आले. म्हणत विहीर आमची हाय, आमी प्यायचं काय? मामाजी म्हणे माह्या वावरात हाय. लाठ्या निघाल्या, दोघा-तिघायची डोकी फुटली, तवा सरकारनं सांगतलं का मोजणी करा. शीव विहिरीच्या पल्याडून गेली तं विहीर महादेवरावची, अल्याडून गेली तं खैरखोरीची.

अन् मोजणीले कोण? आबा! मामाजीनंच तालुक्याले जाऊन खटपट केली होती. आपला इवाई हाय, आपल्याच अंगानं मोजन, असं गावभर सांगत फिरत. आबानं कचेरीत हात जोडले म्हणे, का माही लेक तिथी हाय, मले धाडू नका. कचेरीतले म्हणे, ते गोटे तुमीच बसवले, तुमच्याशिवाय ती शीव कोणाले गवसणार नाई. तिकडच्या जिल्ह्याचाबी मोजणीदार येणार होता, पण तो नवखा. शेषराव दाखवतील ती शीव मले मंजूर, असं म्हणून तो मोकळा झाला.

मोजणीच्या आदल्या दिवशी मामाजीनं मले ओसरीवर बोलावलं. एरवी ते माह्याशी समोरासमोर बोलत नसत.

"कोकिळे, तुहा बाप येऊन उतरला हाय शिवेवर. त्याले जाऊन सांग. विहीर आपली निघाली पाह्यजे."

मी खाली मान घालून उभी.

"अन् नाई निघाली, तं उद्या तशीच बापाच्या मागं चालू लाग. लेकरू नाई, बाळ नाई, विहीरबी गेली, मंग तुले ठेवू कायले? अर्जुनासाठी दुसरी पाहून ठेवली हाय म्या."

मालक दारातच उभे होते. मी त्यायच्याकडं पाह्यलं. त्यायनं सोताच्या पायाच्या अंगठ्याकडं पाह्यलं. आत्याबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या, त्यायचा हात जरासा थांबला, अन् पुन्हा थापायले लागला.

आबा अन् सहदेव शिवेवरच्या लिंबाखाली उतरले होते. दिवस बुडायच्या आत मी तिथी गेली. आबा साखळीच्या कड्यायतली माती काढून राह्यला होता. साखळी वढून वढून लांबते म्हणे, म्हणून मोजणीच्या आधी तो ती दोन खुट्यायच्या मधात ताणून पाहे, अन् साफ करून ठेवे. मी उभ्या-उभ्या सारं सांगतलं अन् म्हणली, "आबा, मले घर पाह्यजे. विहीर इकडं घ्या."

हाव, म्हणली मी असं. काऊन नाई म्हणणार? घर माहं जात होतं, बोलणाऱ्याचं काय जाते! टाकलेल्या बाईचं माहेरी काय होते ते मी डोळ्यानं पाह्यलं होतं. माही आत्या, अंबूबाई, नवऱ्यानं टाकली अन् आमच्याकडं आली. भावजयीच्या चुलीपाशी दुसऱ्याच्या लेकरायले भाकरी करून घालता घालता मेली. कोण्या लग्नात तिले कोणी हळद-कुंकू लावलं नाई. मले ते नको होतं.

आबानं साखळी खाली ठेवली. मंग म्हणे, "सकाळपासून काई खाल्लं का तू?"

"आबा, मी काय इचारून राह्यली अन् तुमी काय बोलून राह्यले!"

"घरी जाय बाई," तो म्हणे. "अंधार पडन."

मी रडत रडत निघाली. वळून पाह्यलं, तं तो तसाच बसलेला, साखळी पायापाशी पडलेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जत्रेएवढी माणसं. इकडं आमच्या गावचे, तिकडं खैरखोरीचे, अन् दोनीकडं लाठ्या. मधात दोन शिपाई, तेच जीव मुठीत धरून उभे. विहिरीच्या पल्याडच्या अंगाले खैरखोरीच्या बाया पाण्याचे रिकामे गुंड घेऊन बसलेल्या, अन् साऱ्यायच्या पुढं जनकाबाई नावाची एक म्हातारी. आमी निमटाकळीच्या बाया अल्याड, बाभळीच्या सावलीत.

आबानं पहिले दोनी गावायले मोठ्यानं सांगतलं, "माही लेक निमटाकळीले देली हाय. कोणाले माह्यावर इश्वास नसन तं आताच बोला. मी साखळी उचलून परत जातो."

खैरखोरीची माणसं एकमेकायच्या तोंडाकडं पाहायले लागली. शेवटी जनकाबाईच बोलली, "मोजा बाबा. आमाला तरी दुसरं कोण हाय?"

शिवेचा गोटा विहिरीच्या पल्याड उभा होता, चुना लावलेला, कसा झक्क! आबा त्याच्या भवताली फिरला. खाली बसला. हातानं बुडाची माती चाचपली, अन् वर न पाहताच म्हणे, "हा गोटा चालत आला का रे इथी?"

मामाजीच्या मिशा थरथरल्या. मले म्हाईत होतं, साऱ्या निमटाकळीले म्हाईत होतं. होळीच्या आधी बैलजोडी लावून तो गोटा अल्याडून पल्याड वढत नेला होता. जुन्या गोट्याच्या बुडची काळी माती बसून बसून टणक होते. ही तं बोटानं उकरत होती. चुना लावला का झालं, असं आमच्या शहाण्यायले वाटलं होतं.

आबानं मोजणीत त्या गोट्याले धरलंच नाई. "टेकडीवरून लाव," सहदेवले म्हणे, अन् चालायले लागला. टेकडीवरचा एक अन् नाल्याच्या वळणावरचा एक, हे दोन गोटे जागचे हालले नव्हते. त्यायच्या मधातून शीव कशी जाते, ते नकाशा अन् साखळी धरून काढायचं होतं.

ऊन मी म्हणत होतं. काळी जमीन तडकून पाय जाईन एवढ्या भेगा पडलेल्या. साखळी वढायची, झेंडी रोवायची, पुन्हा वढायची. आमचे चार गडी आबाच्या पाठीशीच लाठ्या आपटत चालत होते. एक जण म्हणे, "सांभाळून बरं साहेब, इथी माणूस पडते अन् मंग उठत नाई." आबानं आयकल्या न आयकल्यासारखं केलं. मले वाटे आता बसते काठी डोक्यात, आता बसते. बापाचा राग आला होता मले, तरी जीव त्याच्यासाठीच तुटून राह्यला होता. काय करावं माणसानं! तो वाचावा असं वाटे, अन् त्यानं खोटं मोजावं असंबी वाटे.

दुपारी आबा पाणी प्यायले लिंबाखाली आला. छागळ फांदीले लटकवलेली होती. हात लावला तं रिकामी. कोणीतरी ईळ्यानं उभी फाडली होती. खालची माती ओली झालेली, तीबी सुकत आलेली. सहदेव शिव्या घालायले लागला, तं आबानं त्याले हातानंच थांबवलं.

मामाजी तिथीच सावलीत बसलेले. म्हणे, "अरारा! कोण्या बैलाचं शिंग लागलं असन. काई हरकत नाई इवाई, घर आपलंच हाय. कोकिळे, बापाले पाणी आण."

डाव साऱ्यायले समजत होता. एवढी वरसं पाळलेली रीत मोडून आबा आमच्या घरचं पाणी पेला, का आमचा मिंधा झाला. मंग आमच्या उलटी शीव कोण्या तोंडानं दाखवन? मी तांब्या भरून घेऊन गेली. आबाचे ओठ फुटले होते, तोंडाले फेस सुकलेला.

"घ्या आबा," मी हळूच म्हणली. "रीत-बीत जाऊ द्या खड्ड्यात. घ्या."

त्यानं तांब्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "ठेव बाई," म्हणे, अन् उठला.

तिकडून जनकाबाईनं आवाज देला, "साहेब, विहिरीतलं काढून देते, आमचं घ्या पाणी!"

"मोजणी होऊ द्या," आबा म्हणे. "हे पाणी कोणाचं ते अजून मले म्हाईत नाई."

अन् पुन्हा साखळी धरली. दुपारनंतर एकदा तो वावरातच गुडघ्यावर बसला. सहदेवनं बखोटीले धरून उठवला. तिकडचा तो नवखा मोजणीदार म्हणे, उद्या करू राह्यलेलं. आबानं मान हालवली. उद्या म्हणलं असतं तं त्या रात्री दोनीतलं एक गाव पेटलं असतं, हे त्याले पक्कं ठाऊक होतं.

उन्हं उतरली तवा काम सरलं. आबानं फळीवरच्या कागदावर रेघ मारली, नवख्याले दाखवली, त्यानं मान डोलावली. सहदेवनं झेंड्या उपटून गोळा केल्या. वावरभर फिरलेली ती साखळी, शीव कोठून गेली अन् काय, आमाले काईच उमजलं नाई. मामाजी पुढं झाले.

"सांगा इवाई. विहीर कोणाची?"

"निकाल कचेरीतून येईन," आबा म्हणे. घशातून आवाज निघत नव्हता. "मले इथी बोलता येत नाई."

"बोलता येत नाई, तं जाताबी येत नाई!" आमच्यातून कोणीतरी वरडलं. तिकडून खैरखोरीचे सरकले, "इवाई-इवाई मिळून आमचं पाणी खाता काय?" लाठ्या वर झाल्या. शिपाई मागं सरले. एक दगड आला अन् सहदेवच्या खांद्याले लागला. मी डोळे गच्च मिटून घेतले. आता इथी मुडदे पडतात, अन् पहिला माह्या बापाचा, असंच वाटलं मले.

डोळे उघडले तं आबा चालून राह्यला होता. घाईनं नाई, त्याच्या त्या सारख्या पावलानं. वर केलेल्या लाठ्यायच्या मधातून तो विहिरीच्या काठाशी गेला अन् जनकाबाईपुढं उभा राह्यला.

"माय, दोर-बादली दे."

तिनं देली. आबानं बादली विहिरीत सोडली. एवढी माणसं होती, पण बादली पाण्याले लागल्याचा आवाज साऱ्यायले आयकू आला. त्यानं ती वढली, काठावर टेकवली, वंजळ भरली अन् पेला. पुन्हा भरली, पुन्हा पेला. मानेवरून, छातीवरून पाणी गळे, तरी तो पेतच राह्यला.

साऱ्यायच्या आधी मले समजलं. लेकीच्या शिवारातलं पाणी माहा बाप पेत नाई. दिवसभर तहानेनं मरायले टेकला, तरी पेला नाई. अन् आता पेत होता.

मंग बायायले समजलं, मंग माणसायले. खैरखोरीच्या बाया एकेक करून उभ्या राह्यल्या. जनकाबाई तं तोंडाले पदर लावून रडायलेच लागली. लाठ्या आपोआप खाली आल्या. आमच्यापैकी एकाच्याबी तोंडून ‘खोटं’ असा शब्द निघाला नाई. कसा निघन? सोताच्या लेकीचं घर मोडून कोणी खोटं बोलते का?

मी मटकन खाली बसली. एकेक वंजळ तो पेत होता, अन् माहं घर जात होतं. कोणाचंबी तिकडं ध्यान नव्हतं. फक्त मामाजीनं माह्याकडं पाह्यलं.

"कोकिळे," म्हणे, "चाल, उठ. बापाच्या मागं जाय."

नेसत्या लुगड्यानिशी गेली मी. धाडलोक पायी, मंग एसटीनं. आबा पुढं, सहदेव मधात, मी मागं. रस्त्यानं मी एक शब्द बोलली नाई. पिंपळगावले आल्यावर मायच्या गळ्यात पडून जे रडली ते रडली. माय आबाले काय-काय बोलली! "पाण्यापायी पोटची पोर घालवली! माणूस नाई तुमी, गोटा हाय, हद्दीचा गोटा!" तो आयकून घे. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढो, पण नजर वर करो नाई. त्यालेबी अन्न गोड लागत नसे. एक दिवस मायले हळूच म्हणे, "मले वाटलं होतं, अर्जुनराव तरी येतील." मी दाराआडून आयकलं. वाटलं जाऊन त्याच्या पाया पडावं, अन् वाटलं हातातला तांब्या त्याच्या अंगावर फेकावा. दोनीतलं एकबी केलं नाई. चुलीपाशी जाऊन बसली, जिथी अंबूआत्या बसे तिथीच.

कचेरीतून निकाल आला. विहीर खैरखोरीची. मामाजीचं इंजिन अंगणात गंजत पडलं.

अन् मंग पाहा कशी मजा झाली! निमटाकळीच्या गावातल्या विहिरी एकामागून एक तळाले गेल्या. ऊस राह्यला बाजूले, प्यायचे वांधे. आमच्या बाया गुंड घेऊन खैरखोरीच्या विहिरीवर गेल्या. जनकाबाई काठावरच बसलेली. तिनं दोर आपल्या मांडीखाली दाबून धरला.

"पाण्याला आमी नाई म्हणत नाई," ती म्हणे. "पण ज्या पोरीच्या बापानं आमचं पाणी राखलं, तिला तुमी घरातून काढली. ती पोर गुंड घेऊन पहिली येऊ द्या. मंग तिच्या मागून सारं गाव भरा."

आमच्या गावच्या बायाबी काई कमी नाईत. रिकामे गुंड घेऊन थेट मामाजीच्या अंगणात! अन् पुढं कोण? आत्याबाई! आमच्या सुभद्राबाई! मले मागाहून शेजारणीनं सांगतलं. नवऱ्यापुढं गुंड आदळून म्हणल्या, "आता इंजिनच पेता काय? पहिली एसटी धरा अन् सून आणा." जन्मात पहिल्यांदा त्या माह्या बाजूनं बोलल्या, अन् तेबी घसा सुकल्यावर. चालते. मी तेवढंबी घेतलं.

मामाजी आले, संगं मालक. ओसरीवर बसले. मायनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मामाजीनं तांब्याकडं पाह्यलं, मंग आबाकडं, अन् त्यायची मान काई वर होईना. "इवाई," म्हणे, "चुकलं आमचं."

"पहिले पाणी प्या," आबा म्हणे.

मालक आत येऊन माह्यापुढं उभे राह्यले. "मी आधीच यायले पाह्यजे होतं."

"मंग काऊन नाई आले?" मी म्हणली.

येते का नाई येत, हे मी त्यायले सांजलोक सांगतलंच नाई. बसू दे म्हणलं ताटकळत. मंग गेली. जायचंच होतं मले, घर माहं होतं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर गुंड घेऊन मी पुढं अन् सारं गाव मागं. जनकाबाईनं मांडीखालचा दोर काढला अन् माह्या हातात देला. पण पिंपळगावहून निघताना मी आबाशी बोलली नव्हती. तेवढा राग शिल्लक होता.

पुढं दोन पावसाळे गेले अन् मले लेकरू झालं. पोरगी. बाळंतपणाले माहेरी आलेली होती. आबा तवा पेन्शनीत गेला होता, दिवसभर पाळण्यापाशी बसे, पण आमचं बोलणं कामापुरतंच. लेकरू घेऊन मले निमटाकळीले पोचवायले तोच आला. खांद्याले तीच छागळ, फाटलेल्या जागी मायनं जाड दोऱ्यानं शिवलेली. धाडले उतरला अन् सवयीनं भरून घेतली.

अंगणात आलो तं मामाजी बाजेवर बसलेले. म्हणे, "काय इवाई, आतातरी आमचं पाणी प्याल का? का नातू होऊ द्यायचा?"

"रीतीत लेकरू म्हणलं हाय," आबा म्हणे. "नातू कुठी म्हणलं?"

त्यानं छागळीचं बूच काढलं अन् सारं पाणी तुळशीत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामी छागळ खुंटीले अडकवली, ओसरीवर बसला अन् म्हणे, "कोकिळे, पाणी आण."

मी तांब्या भरून आणला. द्यायले गेली, अन् मले राहवलंच नाई. लय दिवसायचं जिभेवर साचलेलं होतं.

"हे खैरखोरीच्याच विहिरीचं हाय, आबा. अजून तिथूनच आणतो आमी. हे पाणी तुमी एकदा पेलेले हाय. माह्या घरापेक्षा गोड लागलं होतं तुमाले त्या दिवशी."

आत्याबाई उंबऱ्यातच थबकल्या.

आबानं तांब्या दोनी हातात धरला.

"त्या दिवशी ते त्यायचं होतं म्हणून पेलो, बाई," तो म्हणे. "पेलो नसतो तं डोकी फुटली असती. पण घशाखाली उतरत नव्हतं. तू समोर बसली होती ना, मले दिसून राह्यली होती."

अन् त्यानं तांब्या तोंडाले लावला. थेंबबी ठेवला नाई. मंग तोंड पुसलं अन् रिकामा तांब्या माह्यापुढं धरला.

"आणखी दे."

मी रडत रडत आत गेली अन् भरलेला गुंडच उचलून आणला.